मिस्टर अल्सीडची पांढरी फळी

आमच्या शेजारच्या अंगणात एक पांढरी फळी होती. दीड हात लांब, हातभर रुंद, जाड प्लायवूडची, गवतात आडवी ठेवलेली. दर ऑक्टोबरात तिला नवा रंग मिळायचा. आमचं बिलॉक्सी अलाबामाच्या शेजारी, आखाताच्या काठावरचं शहर. इथे नाताळच्या जेवणाला पंखा लावून बसावं लागतं आणि जानेवारीतसुद्धा डास चावतात. अशा गावात मिस्टर अल्सीड फयार्ड यांनी ती फळी एकोणचाळीस वर्षं बर्फ मोजण्यासाठी ठेवली होती. मी त्यांना वेडं म्हणायचे, आणि मागे नव्हे, तोंडावर म्हणायचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

वेडं म्हणण्याचं आणखी एक कारण होतं. हा माणूस जन्मभर बर्फातच होता. मागच्या खाडीवर कोळंबीच्या बोटींना बर्फ पुरवणारा कारखाना होता. तिथे ते अठराव्या वर्षी लागले ते गुडघे गेल्यावरच बाहेर पडले. माणसाच्या दुप्पट वजनाच्या लाद्या साच्यातून निघायच्या, मोठ्या दातेरी यंत्रात भरडल्या जायच्या आणि तो चुरा जाड नळीतून बोटीच्या पोटात मारला जायचा. त्या यंत्राने मिस्टर अल्सीडचे दोन्ही कान निम्मे खाल्ले. पाळी संपवून घरी यायचे तेव्हा भुवयांवर बर्फाचा चुरा असायचा आणि बाहेर मे महिना असायचा. बोटीवाले चिडवायचे, अल्सीड, तुला कशाला हवाय आभाळातला बर्फ, तू तर बारा महिने बर्फात लोळतोस. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं.

"हा मी केलेला आहे. मला कुणीच न केलेला बघायचाय."

आणि तो एकदा पडला होता, हेच तर त्यांचं दुखणं. मी लग्न होऊन या गल्लीत आले त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला, तासभर, चांगला भुरुभुरु पडला. गवत पांढरं झालं. मिस्टर अल्सीड तेव्हा कारखान्यात होते. त्या इमारतीला खिडकी नव्हती. बर्फाच्या कारखान्याला खिडकी ठेवतंय कोण. एक वाजता पाळी सुटली, ते बाहेर आले, तर रस्ता ओला, ऊन पडलेलं, आणि सगळं गाव एकमेकांना काहीतरी सांगत उभं. मी असते तर तिथेच बसून रडले असते. ते घरी गेले आणि बायकोला म्हणाले, सांग.

मिस लॉरेननी सांगितलं (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात). पुढे तेहतीस वर्षं सांगत राहिल्या. बाकी सगळं सांगून झालं, पण एक गोष्ट त्यांना नवऱ्याला कधीच पटवता आली नाही.

"आवाज नव्हता, अल्सीड. जरासुद्धा नव्हता. तेवढंच मला नीट सांगता येत नाही."

मिस्टर अल्सीडना हे खरं वाटत नसे. बर्फ म्हटला की आवाज आलाच, ही त्यांची जन्माची कमाई. एवढं काहीतरी आभाळातून खाली येतं, जमिनीला लागतं, आणि आवाज नाही? मग तू दाराच्या आत असशील. नव्हते, अंगणात होते. मग वाऱ्यात ऐकू आला नसेल. वारा नव्हताच. हा वाद मी त्यांच्या स्वयंपाकघरात इतक्या वेळा ऐकलाय, की दोघांचंही बोलणं मी एकटी म्हणून दाखवीन.

पुरावा म्हणून मिस लॉरेननी त्या दिवशी बर्फाचा एक गोळा वळून, चांदीच्या कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवला होता. आमच्याकडे पुष्कळजण ठेवतात. कोळंबी, भेंडी, आणि कोपऱ्यात कुठल्यातरी सालचा बर्फ. पण महिन्याभरात तो गोळा दगडासारखा झाला. मिस्टर अल्सीडनी हातात घेतला, वजन बघितलं आणि परत दिला. म्हणाले, हा तर माझ्याच कारखान्यातला. टाकून मात्र दिला नाही. पुढे मोठं वादळ आलं, समुद्र गल्लीत शिरला, तीन आठवडे वीज नव्हती, तेव्हा तो गेला. घराचं अर्धं छप्पर उडालं त्याला मिस लॉरेन रडल्या नाहीत, त्या गोळ्यासाठी रडल्या.

त्या चुकलेल्या बर्फानंतर दोन महिन्यांत मिस्टर अल्सीड हवामान खात्याचे बिनपगारी निरीक्षक झाले. अंगणात पाऊस मोजायचं नळकांडं आलं, झडपांची पांढरी पेटी आली, पेटीत दोन थर्मामीटर, आणि ती फळी. रोज सकाळी सात वाजता नोंद करायची, पाऊस किती, थंडी किती, बर्फ किती. बर्फाचा रकाना मोकळा सोडायचा नाही असा नियम. म्हणून जुलैतही, पायरीवर अंडं तळून निघेल अशा सकाळी, मिस्टर अल्सीड फळीपर्यंत जाऊन, वाकून बघून, शून्य लिहायचे. मी म्हटलं, अहो, खिडकीतून दिसतंय की. म्हणाले, जाऊन बघितल्याशिवाय शून्य लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं.

इतक्या वर्षांत तीन-चार वेळा आभाळातून बारीक गारांचा चुरा पडला. तो पत्र्यावर ताडताड वाजला. मोजण्याइतका साठला नाही, पण मिस्टर अल्सीड त्या वाजण्यानेच खूश. ऐकलंस ना लॉरेन, आहे की नाही आवाज? त्या म्हणायच्या, हा तो नव्हेच.

सकाळची कॉफी पोटात गेल्याशिवाय मिस्टर अल्सीडचे डोळे उघडत नसत. डाव्या हातात कप, उजव्या काखेत मोजपट्टी, डोळे मिटलेले, असे ते मागच्या दारातून पायऱ्या उतरायचे, सरळ फळीपाशी जाऊन थांबायचे, तिथे पहिला घोट घ्यायचे आणि मग डोळे उघडून बघायचे. मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे रोज बघायचे. मिस लॉरेन म्हणायच्या, "माझा नवरा झोपेत चालतो, बर्नी. पण नुसता चालत नाही, सरकारी काम करून येतो."

आता झेंडीचं सांगते. फळीबरोबर लोखंडी काडीवर लावलेली एक नारिंगी झेंडी आली होती. नियमपुस्तकात लिहिलं होतं, फळीशेजारी झेंडी रोवा, नाहीतर बर्फात फळी सापडणार नाही. त्या वाक्यावर आमची गल्ली वर्षानुवर्षं हसली. हिरव्या गवतात पांढरी फळी. ती हरवायला माणूस आंधळाच हवा. मिस लॉरेननी ती झेंडी पाखरं हाकलायला टोमॅटोच्या वाफ्यात रोवली, आणि वादळाच्या पाण्यात ती टोमॅटोसकट गेली. फळी दोन गल्ल्या पलीकडे एका ओकच्या फांदीत अडकलेली सापडली. मिस्टर अल्सीडनी खांद्यावर टाकून आणली आणि होती तिथेच पुन्हा ठेवली. नवी झेंडी मागवायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर सगळ्या गल्लीच्या चुका काढणारी बाई.

मिस लॉरेन जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी मिस्टर अल्सीडचा खुबा मोडला. हातात काठी आली, डॉक्टरने डोळे उघडे ठेवून पायाखाली बघत चालायची ताकीद दिली आणि कॉफीचा कप टेबलावर राहिला. त्यांची मुलगी कमील बॅटन रूजला असते. तिने ठरवलं की आता एकटं राहणं पुरे. घर विकलं गेलं. एकतीस जानेवारीला ती गाडी घेऊन येणार होती आणि त्याच सकाळी या अंगणातली शेवटची नोंद व्हायची होती. खात्याकडून आभाराचं छान पत्र आलं. ते त्यांनी पेटीच्या खणात घालून ठेवलं.

"चौदा हजार वेळा शून्य लिहिलं, बर्नी," ते मला म्हणाले. "त्याचं वाईट वाटत नाही, शून्य होतं म्हणून शून्य लिहिलं. पण एकदा मोजायला मिळायला हवं होतं."

मी हसण्यावारी नेलं. घरी येऊन भांडी घासली तेव्हा मात्र मला कळलं की मी मनातल्या मनात देवाकडे बर्फ मागतेय. त्रेसष्टाव्या वर्षी, बिलॉक्सीत.

आमच्याकडे थंडी उतरते तेव्हा आधी कळते ती खाडीवर. उत्तरेचा वारा सुटतो आणि पाणी बाहेर ढकलतो. चिखल उघडा पडतो, बोटी एका कुशीवर कलतात. पण त्याच्या आधी दिवसभर कोमट पाऊस पडून गेलेला असतो. थंडी येते तेव्हा आभाळ धुतल्यासारखं निळं. मिस्टर अल्सीड म्हणायचे, थंडी आणि पाणी यांचं आपल्या गावात जमत नाही. पाणी पुढे, थंडी मागे. थंडी येऊन पोचते तोवर पाणी अलाबामात गेलेलं असतं.

त्या जानेवारीत रेडिओवाल्याने नऊ तारखेला बर्फाची शक्यता वीस टक्के सांगितली. वीस टक्के ऐकताच सगळं शहर पाव आणि दूध आणायला धावलं. बर्फाचं नाव निघालं की आमच्या लोकांना पाव आणि दूध हवंच असतं, का ते कुणालाही विचारू नका. माझा नवरा क्लोव्हिस दुधाला हातही लावत नाही, तोसुद्धा तीन गॅलन घेऊन आला. पाऊस पडला, मग थंडी आली, मग निळं आभाळ. आम्ही आठ दिवस दुधाची खीर खाल्ली.

सतरा तारखेला चाळीस टक्के होते. त्या दिवशी पारा गोठणबिंदूच्या वर दोन रेघा अडून बसला आणि सबंध दिवस हाडं गोठवणारा पाऊस पडला. मिस्टर अल्सीड दर अर्ध्या तासाला पेटी उघडून बघत होते. हातातोंडाशी आलेला घास गेला. दुसऱ्या सकाळी त्यांनी पाऊस दीड इंच आणि बर्फ शून्य लिहिलं, आणि मला म्हणाले की कमीलला सांग, पुस्तकांची खोकी भरायला घेतली तरी चालेल. त्यांचा आवाज अगदी साधा होता. मला तो ऐकवेना, म्हणून मी घरी आले आणि क्लोव्हिसवर ओरडले.

मग बावीस तारखेला थंडी उतरली ती एकटीच उतरली. पुढे पाऊस नाही, मागे पाऊस नाही. कोरडी, कडक, आणि परत जायचं नाव घेईना. खाडी काठापासून लांब सरकली. पंपाच्या नळ्यांना गोधड्या गुंडाळल्या, घराघरात नळ थेंब थेंब सोडून ठेवले. संध्याकाळी मी मिस्टर अल्सीडच्या अंगणात सत्सुमा संत्र्याची दोन्ही झाडं, कॅमेलियाचं फुलझाड आणि पाखरांचं पाण्याचं भांडंसुद्धा जुन्या चादरी घालून झाकलं. ते पायरीवर उभे राहून दक्षिणेकडे बघत होते. आखातावर ढगांची एक पट्टी वर येत होती.

"या वेळी थंडी आधी येऊन बसलीय," ते म्हणाले. "आता पाणी आपल्या पायाने येतंय."

मी विचारलं, किती टक्के? ते पारा बघायला पेटीकडे गेले.

तेवीस तारखेला सकाळी सात वाजता त्यांनी शून्य लिहिलं. साडेनऊला मी आमच्या ओट्यावर उभी असताना माझ्या बाहीवर काहीतरी येऊन बसलं. मी झटकलं. पुन्हा बसलं. मी वर बघितलं.

मला हे सांगता येईल असं वाटत नाही, तरी सांगते. आभाळ राखाडी होतं आणि ते सगळं खाली येत होतं. घाई नव्हती. आधी एकेक कण दिसत होता, मग मोजता येईना, मग रस्त्यापलीकडचं घर दिसेना. ओकच्या काळ्या फांद्यांवर प्रत्येक फांदीच्या मापाची पांढरी रेघ उमटत गेली. शेजारपाजारची माणसं दारं उघडून बाहेर आली आणि उभीच राहिली. शाळा बंद होत्या, पोरं बाहेर आली, पण ओरडलं कुणी नाही. क्लोव्हिस समुद्रापर्यंत जाऊन आला. सांगत होता, वाळू पाण्यापर्यंत पांढरी झालीय, बोटींच्या टांगलेल्या जाळ्या पांढऱ्या झाल्यात, पाण्यातल्या खांबांवर पाणकोळी बसलेत आणि त्यांच्या पाठीवर बर्फ आहे आणि ते तसेच बसलेत. सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. अडतीस वर्षांच्या संसारात मी त्याला फुटबॉल सोडून कशासाठी रडताना बघितलं नव्हतं. मी नेहमी चर्चला जाते, गुडघे टेकते, पण देवापुढे आपण किती लहान आहोत हे मला त्या सकाळी ओट्यावर चपला घालून उभी असताना कळलं. हे कुणी केलेलं नव्हतं. मिस्टर अल्सीडचं ते बोलणं मला तेव्हा समजलं.

मी मिस्टर अल्सीडकडे गेले. ते मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसले होते, अंगात कारखान्यातला जुना पिवळा रेनकोट. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. दुसऱ्या हाताने ते कानातल्या यंत्राची कळ फिरवत होते. आवाज अगदी शेवटपर्यंत वाढवलेला.

"तुझा श्वास ऐकू येतोय, बर्नी," ते कुजबुजले. "जरा कमी घे."

मी पायरीवर बसले आणि श्वास कमी घेतला. थोड्या थोड्या वेळाने ते सांगत होते. आतला फ्रीज ऐकू येतोय. तीन घरं सोडून कुत्रं आहे, ते ऐकू येतंय. बारा वाजता चर्चची घंटा झाली तेव्हा ते दचकले. अंगणात बर्फ पडत होता, पडतच होता, आणि त्याच्याबद्दल ते काहीच म्हणाले नाहीत.

दुपारी मी एक चूक करणार होते. बर्फ पडला की तो भांड्यात घ्यायचा, त्यात आटवलेलं दूध, साखर आणि व्हॅनिला घालून खायचा, हे माझ्या आजीने मला शिकवलेलं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली आहेत, मला मोठं भांडं घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मी भांडं घेऊन त्यांच्या अंगणात एक पाय टाकला, तर मागून असा आवाज आला की मी भांड्यासकट मागे फिरले. जोवर मोजलं जात नाही तोवर या अंगणात कुणाचंही पाऊल नको. मी आमच्या अंगणातला बर्फ घेतला. त्यांनी दोन चमचे खाल्ले, डोळे अंगणावर ठेवूनच.

सव्वातीनला पडायचा थांबला. पश्चिमेला ढगाची कड उजळली. आमच्या गावात ऊन आलं की बर्फ उद्याची सकाळ बघत नाही. पडायचं थांबताच मोजायचं, नाहीतर ते माप खोटं. छपराच्या कडेवरून पहिला थेंब टपकला. मिस्टर अल्सीडनी मोजपट्टी घेतली, काठी घेतली, शेवटच्या पायरीपर्यंत उतरले, आणि तिथेच उभे राहिले.

"फळी कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. अंगण होतं, पण ते अंगण नव्हतं. सगळीकडे एकसारखं पांढरं, कुठे उंचवटा नाही, कुठे कड नाही. पांढऱ्या बर्फाखाली पांढरी फळी. खुणेला म्हणून काही असायचं ते मीच चादरींखाली घातलेलं. संत्र्याची झाडं कुठली आणि पाण्याचं भांडं कुठलं, सगळे पांढरे ढीग. क्लोव्हिस कुंपणापलीकडून म्हणाला, डावीकडच्या झाडाच्या पुढ्यात. मी म्हटलं, छे, उजवीकडे, पेटीच्या रेषेत. इतकी वर्षं ती फळी मी खिडकीतून रोज बघितली होती, आणि मला सांगता येईना. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत.

मिस्टर अल्सीड काठी टेकत क्लोव्हिसने सांगितलेल्या जागी गेले. मोजपट्टी खाली सोडली. ती मऊ गवतात गेली. मग मी सांगितलेल्या जागी. पुन्हा गवत. प्रत्येक पावलाने अंगण खराब होत होतं. छपराचे थेंब आता एकामागून एक पडत होते. मी म्हटलं, अहो, गवतावरचंच लिहा ना, एवढं का. त्यांनी मान हलवली. गवत बर्फाला उचलून धरतं, ते माप म्हणजे अंदाज.

"अंदाज लिहायला मी कशाला हवा," ते म्हणाले.

ते परत येऊन पायरीवर बसले. काठी दोन्ही हातांत धरली होती. म्हणाले, पुस्तकात लिहिलं होतं. झेंडी लावा म्हणून लिहिलं होतं, आणि आपण हसलो. मग म्हणाले की तक्त्यात लिहितो, बर्फ पडला, निरीक्षकाला मोजता आला नाही. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्हींचं मिळून माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोलले नव्हते.

"मिस लॉरेन म्हणायच्या, तुम्ही झोपेत जाता. मग जा ना झोपेत."

 ते उठले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा डाव्या हातात कॉफीचा रिकामा कप होता आणि उजव्या काखेत मोजपट्टी. काठी त्यांनी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, पडाल. म्हणाले, चालताना आत्तापर्यंत कधी पडलो नाही, पडलो ते न्हाणीघरात. दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी डोळे मिटले.

मी बरोबर दोन पावलं मागे होते, हात पुढे केलेले, धरायला. पायऱ्या ते न अडखळता उतरले. आम्ही दोघांनी सांगितलेल्या जागा जिथे होत्या, तिकडे ते वळलेच नाहीत. अंगणातून थोडे तिरके, कुंपणाकडे कलत गेले, ब्याऐंशी वर्षांचा माणूस, मोडक्या खुब्याचा, पण चाल अशी की मी ती एका वर्षात विसरले होते. मग थांबले. कप ओठांना लावला, रिकाम्या कपातला एक घोट घेतला, आणि डोळे उघडले. समोर नुसता पांढरा बर्फ होता, कुणाचं पाऊल न लागलेला.

त्यांनी वाकून मोजपट्टी सरळ खाली सोडली. आत कुठेतरी लाकडावर लाकूड लागलं. टक्.

तो आवाज कुंपणापलीकडे क्लोव्हिसलाही ऐकू गेला. यंत्र पूर्ण वाढवलेल्या मिस्टर अल्सीडना तो केवढा वाटला असेल कोण जाणे. ते तसेच वाकून राहिले. मी घाबरले, पाठ धरली की काय. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, वाच म्हणाले. मी वाचलं, पाच इंच आणि वर तीन रेघा, त्या पट्टीत इंचाला दहा रेघा. त्यांनी स्वतः वाचलं. पाच इंच आणि तीन रेघा. फळीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा मोजलं, मधोमध मोजलं. तेवढंच. मोजून झाल्यावर फळी पुसून काढायची असा नियम आहे. त्यांनी हात पुढे केला, आणि मागे घेतला. झेंडी सोडली तर एकोणचाळीस वर्षांत त्यांनी मोडलेला तो पहिला नियम. मला त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू आलं आणि त्यांनी ते रडू दिलं. फक्त म्हणाले, कानाजवळ नको.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं वितळलं. फळी गवतात पुन्हा दिसू लागली, हसण्याइतकी स्पष्ट. एकतीस तारखेला कमील आली. तिने यंत्रांची पेटी खोलीत आणून ठेवली, खात्याची माणसं ती नंतर नेणार होती. फळी मात्र तिने गाडीत मागच्या सीटवर ठेवली, वडिलांनी तिला दुसरी जागा सुचवली नाही. निघताना मिस्टर अल्सीडनी महिन्याचा तक्ता माझ्या हातात दिला, टपालात टाक म्हणाले.

गाडी वळणावरून गेल्यावर मी तो उघडून बघितला. हे करू नये, पण मी केलं. बर्फाच्या रकान्यात एकाखाली एक शून्यं होती, आणि चोवीस तारखेच्या सकाळच्या ओळीत पाच पूर्णांक तीन. त्या ओळीच्या शेवटी शेऱ्यासाठी जागा असते. इतक्या वर्षांत त्यांनी तिथे वादळाच्या दिवसाखेरीज काही लिहिल्याचं मला आठवत नाही. आता तिथे, त्या बारीक चौकटीत मावेल अशा अक्षरात, पेन्सिलीने लिहिलं होतं: आवाज नाही. लॉरेन बरोबर होती.